फाइलीतला डेटा टेबलात भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण सोसायट्या, औषधांची दुकानं यांचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. हाताखालची मुलं आणि गिऱ्हाइकांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारे लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलंय. उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसची आहेत. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट जिथे वेगळे वागतात तिथे तेवढं सांगितलंय. कमांडचे शब्द आणि नमुन्यातले अंक देवनागरीत छापलेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

एकेक ओळ इन्सर्ट करत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का?

आहे, आणि तो या प्रत्येक डेटाबेसमध्ये आहे. पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी', मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा इनफाइल', एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'बल्क इन्सर्ट' आणि बीसीपी, ओरॅकलमध्ये एसक्यूएल लोडर किंवा एक्स्टर्नल टेबल, एसक्यूलाइटमध्ये 'डॉट इम्पोर्ट'.

एकेक इन्सर्ट पाठवलं की प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत एक हेलपाटा, प्रत्येक वेळी वाक्य समजून घेणं, आणि ऑटोकमिट (प्रत्येक वाक्य लगेच पक्कं करणं) चालू असेल तर प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबणं. किराणा आणायला दुकानात जाऊन एकदा मीठ, परत एकदा साखर, परत एकदा चहा असं करण्यासारखंच. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की फाइलीतून भरताना 'लोड डेटा' हे इन्सर्टपेक्षा साधारण २० पट वेगवान असतं. काही कारणाने इन्सर्टच वापरावं लागणार असेल, तर एका वाक्यात शेकडो ओळी घाला आणि हजारो ओळींचं मिळून एकच ट्रान्झॅक्शन करा, म्हणजे त्या सगळ्या एकदमच पक्क्या होतील. बराचसा फरक तेवढ्यानेच पडतो.

'परमिशन डिनाइड' येतंय. फाइल तर माझ्या डेस्कटॉपवर आहे!

तिथेच तर घोळ आहे. पोस्टग्रेसचं साधं 'कॉपी' फाइल शोधतं ते सर्व्हरच्या मशीनवर, आणि वाचतं ते सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याच्या हक्काने. तुमच्या डेस्कटॉपशी त्याचा काही संबंध नाही. सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर असला तरी पोस्टग्रेस नावाच्या युजरला तुमच्या होम फोल्डरमध्ये डोकावता येत नाही, आणि येऊही नये. शिवाय सर्व्हरवरची फाइल वाचायला सुपरयुजर तरी असावं लागतं, नाहीतर आवृत्ती ११ पासून त्यासाठी असलेला वेगळा रोल तरी लागतो.

उपाय एका चिन्हाचा आहे. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, 'कॉपी'च्या आधी बॅकस्लॅश लावा. मग फाइल तुमच्या मशीनवरून, तुमच्या हक्काने वाचली जाते आणि ओळी नेटवर्कवरून सर्व्हरकडे जातात. बॅकस्लॅशवाली कमांड मात्र सगळी एकाच ओळीत लिहावी लागते. मध्ये एंटर मारलात की गडबड.

मायएसक्यूएलमध्ये हाच फरक 'लोकल' या शब्दाने होतो. 'लोकल' नसेल तर फाइल सर्व्हरवर, तीही 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगने ठरवलेल्या फोल्डरमध्येच हवी. 'लोकल' असेल तर तुमच्या मशीनवरची चालते, पण आवृत्ती ८.० पासून ही सोय मुळात बंद असते. ती सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे चालू करावी लागते. एकीकडेच चालू करून तासभर डोकं खाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एक मीच.

विंडोजवाल्यांनो, मायएसक्यूएलमध्ये फाइलीच्या पत्त्यातला बॅकस्लॅश दोनदा लिहा किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल, एवढंच ना?

एवढंच असतं तर मला काम उरलं नसतं. ही ओळ बघा:

००४२,"पाटील, सुरेश",०५/०३/१९६८,"१,२५,०००.००",,हो

स्वल्पविराम मोजले तर ८ आहेत, म्हणजे रकाने ९ व्हायला हवेत. खरे रकाने ६ आहेत, कारण अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम मजकुराचा भाग असतो. अवतरणचिन्हांच्या आत एंटरसुद्धा असू शकतो, आणि पत्त्याच्या रकान्यात तो हमखास असतो. मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहितात. हे सगळं २००५ साली आरएफसी ४१८० या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलंय असं समजू नका. एका दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅममधून आलेल्या फाइलीत औषधाच्या नावातले इंचाचे चिन्ह तसेच सुटे होते, आणि एका सुट्या चिन्हामुळे पुढच्या शेकडो ओळी एकाच रकान्यात गडप झाल्या.

म्हणून डेटाबेसला फॉरमॅट स्पष्ट सांगा. पोस्टग्रेसमध्ये 'फॉरमॅट सीएसव्ही' लिहिलं नाही तर तो टॅबने तोडलेला मजकूर समजतो. मायएसक्यूएलही मुळात टॅबच धरतो. स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह दोन्ही तुम्हाला सांगावी लागतात. 'एक्स्ट्रा डेटा आफ्टर लास्ट एक्स्पेक्टेड कॉलम' ही पोस्टग्रेसची तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा सुटा स्वल्पविराम किंवा चुकीचा डिलिमिटर (रकाने तोडणारं चिन्ह) हेच कारण निघतं.

फाइल एक्सेलमध्ये उघडून जरा नीट करून घेतली तर?

कृपा करून नको. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या फाइलींपैकी बहुतेक 'जरा नीट करायला' उघडलेल्या असतात. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक खान्याचा अर्थ आपल्या मनाने लावतं, आणि सेव्ह करताना तो अर्थच फाइलीत लिहितं. मूळ मजकूर गेला तो गेला.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सात-बारा. रकान्यात ७/१२ लिहिलेलं असेल तर भारतीय सेटिंगच्या एक्सेलला ती ७ डिसेंबर वाटते. गट नंबर १२/३ असेल तर १२ मार्च. एका फाइलीत निम्मे गट नंबर तारखा होऊन आले होते, आणि ज्यांनी पाठवली त्यांना वाटत होतं की आमच्या प्रोग्रॅमनेच हे केलं. यात आपण एकटे नाही. जनुकांच्या नावांचंही असंच व्हायचं. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही नावं एक्सेल तारखा करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

पुढे: सभासद क्रमांक ००४२ चा ४२ होतो. ०२० ने सुरू होणाऱ्या पुण्याच्या फोन नंबरातलं शून्य जातं. १२ आकडी आधार नंबर ई+११ वगैरे रूपात दिसतो, आणि एक्सेल सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितं, त्यामुळे शेवटचे आकडे कायमचे जातात. १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपुढे अचूकता ठेवतच नाही. आणि एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपलीकडे काही मावत नाही. जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये ही मर्यादा ६५,५३६ ची होती. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, त्यामागे हीच जुनी मर्यादा होती.

बघायचंच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. एक्सेलच हवं असेल तर डबल क्लिक न करता डेटा टॅबमधून फाइल आयात करा आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. लिबरऑफिस कॅल्क फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आणि रकान्यांचा प्रकार विचारतं, म्हणून मी तेच वापरतो.

मराठी नावांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय. परत मिळेल का?

'भलतंच' कसं दिसतंय त्यावर आहे. तीन प्रकार असतात, आणि तिन्हींचं औषध वेगळं.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी. कुठेतरी मधल्या पायरीत, ज्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीला जागाच नाही अशा एन्कोडिंगमध्ये मजकूर लिहिला गेला, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. आता कुठलंही रूपांतर चालणार नाही, मूळ फाइलीकडेच जावं लागेल. एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की हे होतं. त्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' नावाचा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा, कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरी मावते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा प्रकार युनिकोडवाल्या एनव्हारचारऐवजी नुसता व्हारचार असला तरी हेच घडतं.

दुसरा प्रकार: रोमन छोटा 'ए', त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, पुढे चार शिंगं फुटलेलं वर्तुळ, मधूनच जपानी येनचं चिन्ह, आणि हीच माळ पुन्हा पुन्हा. ही चांगली बातमी. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं आणि पहिली बाइट नेहमी तीच असते, म्हणून तो तिरक्या रेघेचा 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्याने एन्कोडिंग चुकीचं धरलंय. भरताना एन्कोडिंग सांगा: पोस्टग्रेसमध्ये 'एन्कोडिंग यूटीएफ८', मायएसक्यूएलमध्ये 'कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४'. मायएसक्यूएलमध्ये आधी 'सेट नेम्स' दिलं म्हणून 'लोड डेटा'ला ते कळत नाही. त्याच कमांडमध्ये लिहावं लागतं. यूटीएफ८एमबी४ च का? जुन्या तीन बाइटवाल्या प्रकारात देवनागरी मावते, पण कोणीतरी अभिप्रायाच्या रकान्यात इमोजी टाकतोच.

तिसरा प्रकार खास आपला. फाइलीत रोमन अक्षरं आणि चिन्हांची अर्थहीन खिचडी, पण एका विशिष्ट फाँटमध्ये उघडली की सुरेख मराठी. ही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटची फाइल. इथे एन्कोडिंगची अदलाबदल कितीही केली तरी व्यर्थ, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नाहीच. त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर वापरून आधी युनिकोड करावं लागतं. मग कोणीतरी मराठी वाचणाऱ्या माणसाने निदान शंभर नावं डोळ्यांखालून घालायची. रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी कन्व्हर्टर सर्वांत जास्त अडखळतात.

'कऱ्हाड' शोधलं तर निम्मेच सभासद सापडतात. का?

कारण तुमच्या टेबलात दोन-तीन वेगवेगळी 'कऱ्हाड' आहेत, आणि डोळ्यांना ती सारखीच दिसतात. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

ते अर्धचंद्रासारखं ऱ दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं. ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत, ही एक तऱ्हा. साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि हलंत, ही दुसरी. साधा र, हलंत आणि पुढे एक न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, ही तिसरी. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ठरतं. डेटाबेस बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही वेगवेगळी गावं.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नियमाने समान आहेत, म्हणून पोस्टग्रेस १३ पासून असलेलं 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन त्यांना एकत्र आणतं. तिसरी तऱ्हा त्याने सुटत नाही. तिथे र, हलंत, जोडक हा क्रम शोधून तो ऱ आणि हलंत असा स्वतःच बदलायचा. 'ॲडव्होकेट'चा ॲ तसाच: एक अख्खं अक्षर म्हणून येतो किंवा अ वर चंद्र देऊन. नॉर्मलाइझ इथेही हात वर करतं. वकिलांच्या यादीचं काम केलंत तर आठवण होईल. हे बदल भरतानाच करून टाका, नंतर शोधात करत बसू नका.

'व्हॅल्यू टू लार्ज फॉर कॉलम' येतंय, पण नाव तर छोटं आहे.

ओरॅकल ना? तिथे व्हारचार२ या मजकुराच्या रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये धरली जाते. 'महाराष्ट्र' या शब्दात काने, हलंत धरून १० युनिकोड अक्षरं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये त्याच्या ३० बाइट होतात. २० चा रकाना केलात तर मावणार नाही. लांबीपुढे 'चार' लिहा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल अक्षरं मोजतात, पण त्यांच्या लेखी काना, मात्रा, हलंत ही स्वतंत्र अक्षरं असतात हे तिथेही ध्यानात ठेवा.

फाइल थेट मूळ टेबलात भरावी का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आधी एक कच्चं टेबल करा, ज्याला स्टेजिंग टेबल म्हणतात. त्यात फाइलीत जेवढे रकाने तेवढेच, आणि सगळेच्या सगळे टेक्स्ट. तारीख टेक्स्ट, रक्कम टेक्स्ट, क्रमांक टेक्स्ट. बंधनं (डेटाने पाळायचे नियम) नाहीत, इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नाहीत. जमलं तर फाइलीचं नाव आणि भरल्याची वेळ असे दोन रकाने जादा. फाइल जशी आहे तशी यात ओतायची, मग एसक्यूएलने तपासून, दुरुस्त करून पक्क्या टेबलात न्यायची.

मुनीमजी कच्च्या वहीत लिहून मग पक्क्या वहीत उतरवायचे, त्यात शहाणपण होतं. फाइल टेबलात येणं आणि डेटा बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट भरलं की दोन्ही भांडणं एकाच कमांडमध्ये होतात, आणि ती कमांड एका वेळी एकच तक्रार सांगते. चार हजाराव्या ओळीची तारीख दुरुस्त करा, पुन्हा चालवा, आता सहा हजाराव्या ओळीची रक्कम. कच्च्या टेबलात असेल तर एका क्वेरीत सगळ्या वाईट तारखांची यादी निघते. ती छापून गिऱ्हाइकाच्या हातात देता येते आणि 'तुमच्या प्रोग्रॅममुळे' हे वाक्य ऐकावं लागत नाही.

रिकामा रकाना नल होतो की रिकामी स्ट्रिंग?

नल म्हणजे 'माहीत नाही', रिकामी स्ट्रिंग म्हणजे मजकूर आहे पण कोरा. पोस्टग्रेसच्या सीएसव्हीमध्ये दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर नल, आणि अवतरणचिन्हांची रिकामी जोडी असेल तर रिकामी स्ट्रिंग. सगळीकडेच अवतरणचिन्हं लावणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल असेल तर 'फोर्स नल' द्या. मायएसक्यूएलमध्ये रिकामा रकाना म्हणजे नल नाही. नल हवा असेल तर बॅकस्लॅश-कॅपिटल-एन लिहावं लागतं, किंवा 'सेट'मध्ये 'नलइफ' वापरावं लागतं. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) नसेल तर आकड्याच्या रकान्यात तिथे शून्य बसतं, आणि 'शिल्लक माहीत नाही'चं 'शिल्लक शून्य' होतं. ओरॅकलला दोन्हींत फरकच कळत नाही. एसक्यूलाइटचं 'डॉट इम्पोर्ट' रिकामी स्ट्रिंग ठेवतं.

तारखा उलट्यापालट्या होतात. काय करायचं?

०५/०३/१९६८ म्हणजे आपल्याला ५ मार्च. पोस्टग्रेसची 'डेटस्टाइल' सेटिंग महिना-आधी अशी असेल तर ३ मे. धोका असा, की दिवस १२ पर्यंत असेल तर कोणीच तक्रार करत नाही. १३ तारखेपुढेच एरर येते.

माझ्या हातून एकदा हे झालंय. एका पतसंस्थेची सभासद यादी आली, तारखा बऱ्या दिसत होत्या, भरली. दोन महिन्यांनी मॅनेजरांचा फोन: "साहेब, वाढदिवसाचे मेसेज चुकीच्या लोकांना चाललेत, आणि सगळ्यांना नाही, काहींनाच." फाइल पाठवण्याआधी कोणीतरी अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये उघडली होती. १२ पर्यंतच्या तारखा त्याने उलटवल्या, १३ पासूनच्या त्याला तारखा वाटल्याच नाहीत म्हणून तशाच सोडल्या. मी नीट बघितलं असतं तर शीटमध्येच दिसलं असतं: निम्म्या तारखा खान्याच्या उजव्या कडेला चिकटलेल्या, निम्म्या डाव्या. उजवीकडच्या तारीख झालेल्या, डावीकडच्या नुसता मजकूर. तेव्हापासून शीट आलं की मी आधी त्या कडा बघतो.

कच्च्या टेबलातून नेताना फॉरमॅट स्वतः सांगा: पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये 'टू_डेट', मायएसक्यूएलमध्ये 'स्ट्र_टू_डेट'. सेटिंगच्या भरवशावर राहू नका. फाइल देणारा ऐकणारा असेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच मागा.

'१,२५,०००' ही रक्कम आणि मराठी आकडे कसे भरायचे?

स्वल्पविराम काढून टाका, मग आकड्यात बदला. 'रु.', '/-' आणि शेवटी लागलेलं 'नावे' किंवा 'जमा' हेही तपासा. 'नावे' म्हणजे उणे धरायचं की नाही हे हिशेबनिसाला विचारल्याशिवाय ठरवू नका. रक्कम साठवताना न्यूमरिक किंवा डेसिमल हा प्रकार घ्या, फ्लोट (आकडा अंदाजे ठेवणारा प्रकार) कधीच नाही.

देवनागरी आकडे डेटाबेसला आकडे वाटत नाहीत. पोस्टग्रेस सरळ एरर देतं. तिथे आणि ओरॅकलमध्ये 'ट्रान्सलेट' या फंक्शनला एकीकडे ० ते ९ देवनागरी, दुसरीकडे रोमन दिले की काम झालं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते २०१७ पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये नाही, तिथे दहा 'रिप्लेस' एकात एक.

एक ओळ चुकली तर बाकीच्या भरल्या जातात का?

पोस्टग्रेसचं 'कॉपी' म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. शेवटच्या ओळीत चूक असली तरी एकही ओळ राहत नाही, फक्त टेबलाची डिस्कवरची जागा फुगते आणि ती व्हॅक्यूम या साफसफाईच्या कमांडने मोकळी होते. एरर संदेशात ओळीचा क्रमांक असतो तो फाइलीतला, शीर्षकाची ओळ धरून. आवृत्ती १७ पासून 'ऑन एरर इग्नोर' आलंय. त्याने प्रकार न जुळणाऱ्या ओळी वगळल्या जातात, पण कमी-जास्त रकान्यांच्या किंवा बंधन मोडणाऱ्या ओळीला त्याचा उपयोग नाही.

मायएसक्यूएलमध्ये 'लोकल' वापरलं की पुष्कळशा चुकांची नुसती वॉर्निंग होते आणि काम पुढे चालू राहतं. शेवटी एक ओळ येते: रेकॉर्ड्स, डिलीटेड, स्किप्ड, वॉर्निंग्ज. शेवटचा आकडा शून्य नसेल तर लगेच 'शो वॉर्निंग्ज' चालवा, दुसरी कमांड दिली की ती यादी गेली.

ओरॅकलचा एसक्यूएल लोडर यात सर्वांत शहाणा. नापास ओळी तो वेगळ्या 'बॅड' फाइलीत जशाच्या तशा ठेवतो आणि कारण लॉगमध्ये लिहितो. मुळात ५० चुकांपर्यंत सहन करतो, मग थांबतो.

शेवटच्या रकान्यात 'हो' आहे, पण 'हो' शी तुलना केली की जुळत नाही.

विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्सच्या फाइलीत एक. मायएसक्यूएलला एकच सांगितलं असेल तर दुसरं शेवटच्या रकान्याला चिकटून आत येतं. 'हो'ची लांबी बाइटमध्ये मोजा. ६ यायला हवी, ७ आली तर चोर सापडला. ओळीचा शेवट बॅकस्लॅश-आर-बॅकस्लॅश-एन असा द्या.

याचाच भाऊ फाइलीच्या सुरुवातीला असतो: बीओएम नावाच्या ३ अदृश्य बाइट, एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्हीत हमखास. शीर्षकाची ओळ वगळत असाल तर त्या तिच्याबरोबरच जातात. नसाल तर पहिल्या ओळीचा पहिला आकडा 'आकडा नाही' अशी तक्रार येते आणि बघावं तर तिथे स्वच्छ १ दिसतो. पायथनमधून वाचत असाल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या.

तीच फाइल चुकून दोनदा भरली तर?

पक्क्या टेबलावर योग्य युनिक की (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा नियम) असेल तर दुसऱ्यांदा एरर येईल, नसेल तर सगळं दुप्पट होईल. पोस्टग्रेसच्या 'कॉपी'ला 'असेल तर बदल, नसेल तर घाल' हे येत नाही. कच्च्या टेबलातून 'इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट' करा, हे ९.५ पासून आहे. खुद्द फाइलीतच तोच क्रमांक दोनदा असेल तर त्यावरही ते रडतं, म्हणून आधी फाइलीतले दुबार काढा. मायएसक्यूएलच्या 'रिप्लेस'पासून जपून: ते जुनी ओळ खोडून नवी घालतं, आणि कॅस्केड (एक ओळ खोडली की तिला जोडलेल्याही खोडणं) असेल तर त्या सभासदाचे जुने व्यवहारही खोडीबरोबर जातात.

फार वेळ लागतोय. वेग कसा वाढवू?

किती ओळी आहेत? एक-दोन लाख असतील तर काही करू नका, चहा घ्या. कोटींच्या घरात असतील तर इंडेक्स काढून ठेवा आणि भरल्यावर बांधा, पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स बांधताना 'मेंटेनन्स वर्क मेम' वाढवा, आणि शेवटी 'ॲनलाइझ' चालवा, नाहीतर पहिल्या काही क्वेरी रखडतील. मायएसक्यूएलमध्ये फॉरिन कीची (ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या नियमाची) तपासणी बंद करून भरता येतं, पण ती पुन्हा चालू केल्यावर आधी भरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. अनाथ ओळी तुम्हालाच शोधाव्या लागतात.

भरून झालं, पण आता नवीन सभासद घातला की 'डुप्लिकेट की' येतं.

फाइलीतून आयडी आणलेत, पण पोस्टग्रेसची सीक्वेन्स (नवा आयडी देणारा मोजक) अजून १ वर बसून आहे. 'सेटव्हॅल'ने ती सर्वांत मोठ्या आयडीवर न्या. मायएसक्यूएलचा ऑटो इन्क्रिमेंट स्वतःहून पुढे सरकतो.

सगळा डेटा बरोबर आला हे कसं ठरवायचं?

ओळी मोजून भागत नाही. एक तर अवतरणचिन्हांतल्या एंटरमुळे फाइलीतल्या ओळी आणि नोंदी यांची संख्या वेगळी असू शकते. दुसरं, ओळी बरोबर आल्या आणि रक्कम भलत्या रकान्यात गेली तरी मोजणी जुळतेच.

शाळेत बेरजेचा ताळा करायला शिकवायचे, तसा ताळा करा. नोंदींची संख्या, रकमेच्या रकान्याची बेरीज, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, प्रत्येक महत्त्वाच्या रकान्यात किती नल, आणि प्रत्येक शाखेची वेगळी बेरीज. हे आकडे फाइल देणाऱ्याकडून, त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधून, फाइलीबरोबरच लिहून घ्या. आपणच फाइलीवरून काढले तर फाइल अर्धवट आली होती हे कधीच कळणार नाही. मग दहा नोंदी हाताने उघडून बघा: पहिली, शेवटची, सर्वांत लांब नावाची, ऱ असलेली, स्वल्पविराम असलेली.

बेरीज एक पैशाने चुकली तरी शोधा. माझ्या एका कामात १ रुपयाचा फरक होता. तो सोडून द्या असं ऑफिसवाले म्हणत होते. शोधल्यावर दोन ओळी गळालेल्या निघाल्या, एक ५,००१ जमा आणि एक ५,००० नावे.

काम झाल्यावर फाइलीचं काय करायचं?

मूळ फाइल न बदलता, फक्त वाचण्याच्या हक्कावर, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या जागी ठेवायची. बाकीच्या प्रती पुसायच्या: टेम्प फोल्डरमधली, डाउनलोडमधली, पेन ड्राइव्हवरची, व्हॉट्सॲपवर आलेली. त्यात लोकांचे आधार नंबर आणि शिलकी असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची आठवण करून दिली की ऑफिसवालेही ऐकतात. कच्चं टेबल मी पहिली ऑडिट होईपर्यंत ठेवतो. ऑडिटर विचारतातच की हा आकडा आला कुठून, तेव्हा फाइलीतली ओळ जशीच्या तशी दाखवता येते. त्यानंतर 'ड्रॉप टेबल', आणि तो हुकूम देण्याआधी टेबलाचं नाव एकदा मोठ्याने वाचा.